कान मासळीकडे, नंबर सोळा

17 जुलै 1947 ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली ‘रामदास’ रेवसला पोचलीच नाही. काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली, सहाशेच्या वर माणसं बुडाली. मुंबईला हे कळायला दुपार उलटली, कारण बोटीवर वायरलेसच नव्हता. टायटॅनिकनंतर 1914 साली जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता आणि त्यात वायरलेसही होता. पण तो परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजांपुरता. रेवसच्या फेरीबोटीला कोण विचारतो!

मच्छीमार बोटींची कथा तर आणखी उशिराची. आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या जुन्या तांडेलांकडे, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांकडे, होता तो ट्रान्झिस्टर. आकाशवाणीचं हवामान त्यावर ऐकू यायचं, पण आपलं गाऱ्हाणं उलट सांगायची सोय नव्हती. पुढे दोन्हीकडून बोलता येणारे व्हीएचएफ वायरलेस सेट आले. ते सुरक्षिततेसाठी आले असं कागदावर वाचतो तेव्हा मला हसू येतं. मी बंदरावर हेच सेट बसवतो. तांडेल पहिलं विचारतो ते, “दादा, किती लांबच्या बोटीशी बोलता येईल?” आणि लगेच दुसरं, “शेजारच्यानं ऐकलं तर?” बांगडा कुठे लागला हे आपल्या भावाच्या बोटीला कळावं, बाकी कोणाला नको! व्हीएचएफवर असा आडपडदा नसतो, म्हणून प्रत्येक घराण्याचे खुणेचे शब्द ठरलेले. माझं मत विचाराल तर वायरलेस बोटीवर चढला तो मासळीच्या लोभाने. जीव वाचायला लागले ते त्याच्या मागून.

किती लांब, याचं उत्तर सेटमध्ये नाही, डोलकाठीवर आहे. सेट कितीही महाग घ्या, ताकद 25 वॉटच. लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. दोन्ही बोटींच्या अँटेना 4 मीटरवर असतील तर सोळा-सतरा किलोमीटर. 9 मीटरवर नेल्या की पंचवीसच्या आसपास. मालक सेटवर खर्च करतो आणि केबलवर कंजुषी, तिथेच घोळ होतो. अँटेनाच्या जोडात खारं पाणी शिरलं की आतली तांब्याची जाळी हिरवी पडते. ऐकू सगळं येतं, आपला आवाज मात्र बाहेर जात नाही. म्हणून जोड डाक देऊन पक्का करायचा आणि वर रबरी पट्टी ताणून गुंडाळायची. बॅटरीपासूनची वायर बारीक असली तर बोलायचं बटण दाबताच सेटचा दिवा मंदावतो. स्पीकरमधल्या चुंबकाने होकायंत्राची सुई ढळते, तेव्हा दोघांत हातभर अंतर हवंच.

11 नोव्हेंबर 2009 ला फयान चक्रीवादळ आलं. खोल पाण्यातल्या बोटींना किनाऱ्याशी बोलायला व्हीएचएफ अपुरा, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. 2010 पासून इस्रोचं उपग्रहावर संदेश पाठवणारं संकटयंत्र बोटींवर यायला लागलं. त्याचं बटण दाबलं तरी संदेश पोचला की नाही हे कळत नसे. उलट पोच देणारं यंत्र 2024 मध्ये आलं.

संकटाची हाक मारायची ती व्हीएचएफच्या सोळा नंबरवर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर. पण तिथे कान ठेवायला कोण बसतंय? सगळे आपापल्या नंबरवर मासळी शोधत असतात. बऱ्याच सेटवर एक बटण असतं, ते लावलं की गप्पांचा नंबर चालू राहतो आणि सेट अधूनमधून सोळावरही डोकावतो. पैसे घेण्याआधी ते बटण मी तांडेलाकडून दोनदा दाबून घेतो.