पाच वाक्यांचं पत्र आणि घरी जाणारा पेशंट

संशोधनाची तयारी करताना ‘प्रत्येक विधानाला संदर्भ द्या’ हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. पण संदर्भ दिलेला मूळ मजकूर उघडून वाचलाच नाही, तर काय होतं? वेदनाशामक औषधांच्या इतिहासातलं हे उदाहरण बघा.

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातलं औषध, मिळालेले ११,८८२ रुग्ण; आधी व्यसन नसलेल्यांपैकी व्यसनाची नीट नोंद फक्त चौघांची. माहिती खोटी नव्हती. पण हे सगळे रुग्ण हॉस्पिटलमध्ये दाखल होते. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, याबद्दल पत्रात काहीच नव्हतं.

पुढे ‘व्यसन क्वचितच लागतं’ एवढंच वाक्य फिरत राहिलं. १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं, तेव्हा डॉक्टरांना हाच दिलासा दिला गेला. २०१७ मध्ये संशोधकांनी या पत्राचे ६०८ संदर्भ तपासले. ४३९ ठिकाणी ते ‘व्यसन दुर्मीळ’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. ४९१ ठिकाणी रुग्ण दाखल होते, याचा उल्लेखच नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने ४७ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात बेकायदा फेंटानिलचा वाटा मोठा होता, त्यामुळे सगळा दोष एका पत्रावर टाकणंही चूकच.

आता इमर्जन्सी विभागात या. हात मुरगळलेला पेशंट काही तासांत गोळ्या घेऊन घरी जातो. त्याला ओपिऑइड द्यायलाच हवं का? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हातापायाच्या तीव्र वेदना असलेल्या ४१६ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निष्कर्षही २०१७ चाच. एका गटाला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, बाकी तीन गटांना ओपिऑइड आणि पॅरासिटामॉल. दोन तासांनी वेदना किती कमी झाली, यात चारही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

निष्कर्ष महत्त्वाचा आहेच. पण जरा थांबा. मोजमाप इमर्जन्सीतच, दोन तासांचं. घरी गेल्यावर दुसऱ्या रात्री दुखलं तर काय, हे या चाचणीने तपासलंच नाही. ‘पेशंटला ओपिऑइडशिवाय घरी पाठवलं तरी चालतं’ यासाठी फक्त हाच संदर्भ दिलात, तर १९८० च्या पत्राचं जे झालं तेच तुम्ही पुन्हा कराल. हॉस्पिटलमधला आकडा उचलून घरी नेऊन ठेवाल. यावेळी हेतू चांगला असेल, इतकंच.

म्हणून पेपर वाचताना वहीत तीन गोष्टी लिहा: रुग्ण कोण होते, कुठे होते, किती वेळ पाहिले. तुमचं वाक्य त्याच्या पलीकडे जात असेल, तर दुसरा अभ्यास शोधा. नाही सापडला, तर कदाचित तोच तुमच्या संशोधनाचा प्रश्न असेल.