लंबक आणि काटे

आमच्या गोवंडीतल्या बैंगनवाडीत एका भंगाराच्या दुकानासमोर, जेथे प्लास्टिकचे डबे एका ढिगात, रद्दी दुसऱ्या ढिगात आणि तांबे-पितळ मात्र मालकाच्या नजरेखाली गोणपाटावर, ही वाटणी एखाद्या कचेरीच्या शिस्तीने पाळली जाते, तेथे गेल्या पावसाळ्यात मी भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाची मोडतोड होताना पाहिली. सागवानी पेटीच्या फळ्या सरपणाकडे गेल्या, रोमन आकड्यांची तबकडी पत्र्यात जमा झाली, आणि उरला तो लंबक. पोऱ्याने त्याच्या चकतीवर कानस फिरवताच पितळेखालून शिसे डोकावले, तशी मालकाच्या कपाळाला आठी पडली. पितळेचा भाव निराळा, शिशाचा निराळा. तराजूत पडण्यापूर्वीच मी तो लंबक मागून घेतला. चकतीच्या खाली, दांडीच्या आट्यांवर बसवलेली एक दातेरी चाकी होती आणि खरे म्हणजे माझा डोळा तिच्यावर होता.

ज्या वस्तूला आपण लंबक म्हणतो तिचे एक भावंड आपल्याकडे फार पूर्वीपासून नांदत आले आहे. गवंड्याचा ओळंबा तो हाच. दोरीला टांगलेले वजन स्थिर झाले म्हणजे भिंत सरळ की कललेली याचा निवाडा करते, आणि तेच वजन हलू लागले की काळ मोजू लागते. लोलक हा शब्दही काही जण वापरतात. परंतु झुंबराच्या लोंबत्या काचा आणि शाळेतला प्रकाश फोडणारा त्रिकोणी काचेचा ठोकळा यांनी तो आधीच अडवून ठेवला आहे. पाणाड्याच्या बोटांतून लोंबणारे वजन विहिरीची जागा दाखवते अशी एक श्रद्धा खेडोपाडी आहे. तो हेलकावा जमिनीतल्या पाण्याचा नसून धरणाऱ्याच्या हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीचा असतो, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये दाखवून दिले. तरीही पाणाड्यांचा धंदा बसला नाही, आणि दुष्काळी गावात तो का बसत नाही हे समजण्यासारखे आहे.

काळ मोजण्याचे काम लंबकाकडे आले ते हॉलंडातील क्रिस्तियान हायगेन्स याच्या हातून, १६५६ मध्ये. तोवरची यांत्रिक घड्याळे दिवसाला पाव तास इकडेतिकडे होत. लंबक लागल्यावर ही चूक काही सेकंदांवर आली. हायगेन्सचा लंबकावरील मोठा ग्रंथ १६७३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी रायगडावर जो राज्याभिषेक झाला त्याचा मुहूर्त घटिका-पळांच्या हिशेबाने धरला गेला. पाण्यावर तरंगणारी, तळाला सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, भरली. हा हिशेब आपल्या लग्नपत्रिकांतून अद्याप पुरता गेलेला नाही.

परंतु लंबकाचा खरा स्वभाव उघड झाला तो घड्याळे जहाजांतून दूरदेशी जाऊ लागल्यावर. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला, तेव्हा पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे घड्याळ तेथे रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा तेव्हा कोठे ते ठिकाणावर येई. पृथ्वी मध्यभागी फुगीर असल्यामुळे व स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तेथे गुरुत्वाची ओढ कमी पडते, ही त्याची उपपत्ती न्यूटनने पुढे सांगितली. हाच हिशेब मुंबईला लावला तर असे दिसते की, लंडनात एका सेकंदात एक फेक पुरी करणारा ९९.४ सेंटिमीटरांचा लंबक मुंबईत सुमारे अडीच मिलिमीटर आखूड करावा लागतो, आणि तसा न केल्यास उकाड्याने दांडी वाढण्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी विलायतेहून जुळवून आणलेले घड्याळ येथे दिवसाकाठी जवळजवळ दोन मिनिटे मागे राहते. चकतीखालच्या त्या चाकीचे प्रयोजन हे: ती वर चढवावी, चकती उचलली जाते, आणि घड्याळ नव्या भूमीचे ऐकू लागते.

लंबक भूमीचे इतके निमूटपणे ऐकतो हे ध्यानी येताच भूमीलाच प्रश्न विचारण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्यातील कॅप्टन बसेव्ही १८६५ पासून रॉयल सोसायटीकडून आणलेले दोन लंबक घेऊन देशभर हिंडला. हवा काढून घेतलेल्या पेटीत ते झुलवायचे, पाठीमागच्या घड्याळाच्या लंबकाशी त्यांचा मेळ कोणत्या क्षणी बसतो हे दुर्बिणीतून टिपायचे, आणि त्यावरून त्या ठिकाणची गुरुत्वाची ओढ काढायची, हा त्याचा नित्यक्रम. १८७१ च्या जुलैत लडाखच्या पंधरा हजार फुटांवरील पठारावर हे काम करीत असतानाच तो मरण पावला आणि उरलेले काम त्याच्या जागी आलेल्या हेविसाइड या अधिकाऱ्याने तडीस नेले. त्या केंद्रांच्या यादीत आपले कुलाबाही आहे. हिमालयाच्या अंगाखाली ओढ अपेक्षेहून कमी आणि समुद्रकाठी अधिक, असे या लंबकांनी सांगितले. म्हणजे पर्वत वरून जितका जड दिसतो तितकेच त्याखालचे खडक हलके असले पाहिजेत. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपाची नोंद घेणारे मिल्नचे यंत्र आले, तेही आडवा टांगलेला लंबकच.

लंबक असा भूमीशी इमान राखत असता घड्याळाच्या काट्यांची निष्ठा मात्र हुकमाप्रमाणे बदलत होती. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, रेल्वे व तारखाते यांची मद्रासवेळ त्याहून अर्धा तास पुढे. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये सर्व सरकारी कचेऱ्यांना मद्रासवेळेचा हुकूम फर्मावला. लोकांनी तो इतका मनावर घेतला नाही की १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानची प्रमाणवेळ अमलात आली आणि मुंबईचे काटे ३९ मिनिटे, म्हणजे दीड घटिकेहून अधिक, पुढे ढकलण्याचा प्रसंग आला. जेकब ससून गिरणीतील हजारो कामगार त्याच महिन्यात खवळून उठले, कारण त्यांच्या लेखी नव्या वेळेचा अर्थ एवढाच होता की अंधारात आणखी ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडायचे. फिरोजशहा मेहता यांनी कॉर्पोरेशनमध्ये विरोध केला, आणि म्युनिसिपालिटीची घड्याळे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईवेळच दाखवीत राहिली.

आमच्या गोवंडीच्या इतिहासात हे सन विसरण्याजोगे नाही. त्याच १९०६ मध्ये कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत एकेरी लोहमार्ग टाकला गेला तो माणसांसाठी नव्हे, शहराच्या कचऱ्याच्या गाड्यांसाठी. उतारूंना त्यावर बसण्याची मुभा १९२४ मध्ये मिळाली आणि १९२७ मध्ये देवनारची कचराभूमी सुरू झाली. केर म्युनिसिपालिटीचा, रूळ रेल्वेचे. म्हणजे जो केर शहरातून मुंबईवेळेने निघाला तो आमच्या बाजूला ३९ मिनिटे पुढे असलेल्या वेळेत पोचत असला पाहिजे. दोन्ही खात्यांच्या कारकुनांनी आपापल्या नोंदवहीत एकाच गाडीची कोणती वेळ घातली असेल, या विचाराने मला आजही गंमत वाटते.

तो लंबक सध्या माझ्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेला आहे. पंख्याच्या वाऱ्याने थोडा हलतो, इतकेच. मळ पुसताना दिसले की चाकी आट्यांच्या तळाशी नाही; खालचे दोन आटे उघडे आहेत, आणि तिच्या वरच्या कडेला चकती टेकून टेकून बारीक घट्टा पडला आहे. कोणीतरी, बहुधा नव्या घड्याळाची पहिली किल्ली दिल्यावर दोन-चार दिवसांत, पेटीचे दार उघडून ती बोटाने वर चढवली आणि पुन्हा कधी खाली उतरवली नाही. त्या गृहस्थाच्या तबकडीवर मुंबईवेळ होती की स्टेशनाची, हे लंबकावरून ओळखता येत नाही.