बाळाच्या पाठीवरील शेगडी

थंडीत मोठ्या माणसाचे अंग काकडते, दातांवर दात आपटतात. स्नायूंच्या या थरथरीतून ऊब निपजते. पण नवजात अर्भक सहसा कुडकुडत नाही. मग त्याचे रक्त ऊन राहते ते कशाने? या साध्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास चारशे वर्षांचा आहे. तोच आज आम्ही आपणांपुढे थोडक्यात मांडणार आहोत.

इ. स. १५५१ मध्ये कोनराड गेसनर या स्विस पंडिताने मार्मॉट नावाच्या प्राण्याच्या खांद्यांमध्ये एक पिंगट पिंड असल्याचे नमूद केले. हा धड मेद नव्हे, धड मांसही नव्हे, असे त्याला वाटले. पुढे कोणी त्यास ग्रंथी म्हटले, कोणी रक्त निर्माण करणारे इंद्रिय. १७८३ मध्ये पॅरिसला लाव्हाझिए व लाप्लास यांनी गिनिपिगास बर्फवेष्टित पात्रात ठेवून वितळलेले पाणी मोजले आणि श्वसन हे मंद ज्वलनच होय, असे प्रतिपादिले. ज्वलन कळले, पण अर्भकाची शेगडी अज्ञातच राहिली.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिल्व्हरमन प्रभृतींनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या पेट्या सुमारे ३ अंश सेल्सिअसने अधिक उबदार ठेवल्या, तेव्हा शेकडा सुमारे १५ बालके अधिक वाचली! १९६४ मध्ये डॉकिन्स व हल यांनी सशाच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले, की त्यांची ऊब मुख्यतः त्या पिंगट मेदातूनच येते.

पण कशी? १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी कल्पना मांडली, की पेशीतील तंतुकणिका अन्न जाळताना आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन लोटतात. धरणाचे पाणी चक्र फिरवीत उतरावे तसे ते परततात आणि एटीपी हे शक्तिद्रव्य तयार होते. १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी निकोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंगट मेदातील एक प्रथिन ओळखले. हे प्रथिन म्हणजे त्या धरणाचे चोरदार! त्यातून प्रोटॉन चक्र न फिरविताच परततात आणि सारी शक्ती उष्णतारूपाने प्रकटते.

गळती म्हणजे नासाडी, हा आमचा व्यवहारी समज येथे खोटा ठरतो. मात्र ही शेगडी बाळाचाच मेद नि प्राणवायू जाळते, आणि तो साठा अल्प असतो. बाळाला कोरडे करून कुशीत घेणारी आई तो साठाच राखीत असते.