तुघलकाच्या झग्यातला मद्रासी वकील

'तुघलकी' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे, की तो एका माणसाच्या नावावरून आला हेही आपण विसरलो आहोत. पालिकेने रातोरात रस्ता खोदला, तुघलकी कारभार. सरकारने अचानक एखादा नियम बदलला, तुघलकी फर्मान. भारतात लहरी निर्णय घेणारे राजे अनेक होऊन गेले, सगळ्या धर्मांत आणि सगळ्या घराण्यांत होऊन गेले. विशेषण मात्र एकाच्याच नावाचं झालं. मुस्लिम वाचकाला हा शब्द कुठेतरी खुपतो, पण त्यावर बोलावं एवढा तो मोठाही वाटत नाही.

या नावाचा सर्वात गाजलेला विनोद दिल्लीत किंवा मुंबईत झाला नाही, तो मद्रासमध्ये झाला. 1968 मध्ये चो रामस्वामी या तमिळ ब्राह्मण वकिलाने 'मुहम्मद बिन तुघलक' हे नाटक लिहिलं आणि सुलतानाची भूमिका स्वतःच केली. 1971 मध्ये त्यावर त्याच नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शनही चो यांचंच होतं. मुसलमान बादशहाच्या वेशात एक बिगरमुस्लिम विनोदी नट लोकांना हसवतोय, एवढंच ऐकलं तर आजच्या वातावरणात आपले कान टवकारतात. पण तो विनोद नेमका कोणावर होता, हे शांतपणे पाहण्यासारखं आहे.

त्यासाठी आधी तमिळ रंगभूमी समजून घ्यावी लागेल. त्या मुलखात नाटक, सिनेमा आणि सत्ता हे तीन वेगळे धंदे कधी नव्हतेच. सी. एन. अण्णादुराई आणि एम. करुणानिधी हे दोघे मुख्यमंत्री होण्याआधी नाटककार आणि पटकथाकार होते. अण्णादुराईंच्या 'वेलैक्कारी' नाटकावर 1949 मध्ये चित्रपट निघाला. त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर एक नाटक लिहिलं होतं. त्यात गागाभट्टाची भूमिका खुद्द अण्णादुराईंनी केली आणि महाराजांची भूमिका गणेशन नावाच्या एका तरुण नटाने. ते काम पाहून पेरियार यांनी त्याला 'शिवाजी' म्हटलं आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन राहिला. तमिळ सिनेमाच्या सर्वात मोठ्या नटाचं नाव असं आपल्या मातीतून गेलेलं आहे.

याच रंगभूमीवर एम. आर. राधा होते. धर्माची आणि जातीची टर उडवणारे त्यांचे संवाद प्रयोगागणिक बदलत, म्हणून सरकारला त्यांचा धाक वाटे. 1954 मध्ये मद्रास सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, त्यामागे राधा यांची नाटकं हे मोठं कारण होतं. त्याच वर्षी त्यांच्या 'रत्त कण्णीर' या नाटकावरचा चित्रपट लागला आणि प्रचंड चालला. तो कायदा पुढे जवळजवळ 60 वर्षं टिकला. 2013 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्द केला. रंगमंचावरच्या हसण्याला तिथली सरकारं किती घाबरत, हे यावरून कळतं.

स्वातंत्र्यानंतर मद्रास शहरात 'सभा' नाटकांचा जमाना आला. सभा म्हणजे गाण्याचे आणि नाटकाचे कार्यक्रम ठेवणाऱ्या सभासदांच्या संस्था. दिवसा कचेरीत फायली हाताळणारे लोक संध्याकाळी तालमी करत आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग. के. बालचंदर अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात नोकरीला होते. नागेश रेल्वेत कारकून होते. एका नाटकात पोटदुखीने कळवळणाऱ्या रुग्णाचं छोटंसं काम करून त्यांनी प्रमुख पाहुणे एम. जी. रामचंद्रन यांची शाबासकी मिळवली, तिथून त्यांचं नाव झालं.

बालचंदर आणि नागेश या जोडीने सभेचं नाटक सिनेमात नेलं. 'सर्व्हर सुंदरम' (1964) हे बालचंदर यांचं नाटक. हॉटेलात ताटं-कप उचलणारा, दिसायला सामान्य वेटर सिनेमातला मोठा विनोदी नट होतो, पण जिच्यावर जीव जडला ती त्याची होत नाही. 'एदिर नीच्चल' (1968) मध्ये जिन्याखाली झोपणारा अनाथ माधू अख्ख्या वाड्याची कामं करतो आणि शिकतो. या कथांत नायक हसवतो, पण ज्यांच्या दारात तो उभा असतो त्या सभ्य माणसांचं वागणंच उघडं पडतं. पुढे विसू यांचा 'मणल कयिरु' (1982) आणि क्रेझी मोहन यांच्या नाटकावरून बालचंदर यांनी केलेला 'पोयक्काल कुदिरै' (1983) हे चित्रपट त्याच परंपरेतले.

चो रामस्वामी याच सभांमधून आले. त्यांचं चित्रपटातलं पहिलं काम 1963 च्या 'पार मगळे पार'मधलं, तोही नाटकावरून बनलेला चित्रपट. पण बालचंदर यांचा विनोद घराच्या उंबऱ्यात होता, चो यांनी तो विधिमंडळाच्या दारात नेला.

'मुहम्मद बिन तुघलक'ची कथा अशी: एका उत्खननात थडगं उघडलं जातं आणि आतून दोन माणसं जिवंत बाहेर येतात. एक सुलतान मुहम्मद बिन तुघलक, दुसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. सहाशे वर्षांनंतर जागा झालेला सुलतान राजकारणात उतरतो, निवडणूक जिंकतो आणि पंतप्रधान होतो. फुटून आलेल्या सगळ्या खासदारांना तो उपपंतप्रधान करतो. भाषेचं भांडण मिटावं म्हणून फारसीला राजभाषा ठरवतो. लाच बंद होत नाही, तर ती कायदेशीर करून टाकतो.

आता काळ पाहा. 1965 मध्ये मद्रास राज्य हिंदीविरोधी आंदोलनाने पेटलं होतं. 1967 मध्ये काँग्रेस तिथे कायमची हरली आणि द्रमुक सत्तेवर आला. त्याच वर्षी हरियाणातून 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशभर पसरला. त्यामुळे उपपंतप्रधानांची रांग पाहून प्रेक्षकाला पक्षांतर करणारे आमदार-खासदार दिसत होते. फारसीची घोषणा ऐकून त्याला भाषेच्या नावाने चाललेलं राजकारण दिसत होतं, दिल्लीचंही आणि मद्रासचंही. चौदाव्या शतकातल्या सुलतानाशी त्या हशाचा काही संबंध नव्हता. झगा त्याचा होता, अंग दुसऱ्याचं होतं.

कथेचा शेवट तर आणखी बोचरा आहे. हे दोघे तुघलक आणि बतूता नाहीतच. महादेवन आणि राघवन नावाचे ते दोन तरुण आहेत. राजकारणाचा सडलेपणा लोकांना दाखवायचा आणि मग खरं सांगून टाकायचं, अशी शपथ घेऊन त्यांनी सोंग घेतलेलं असतं. पण खुर्चीवर बसलेल्या महादेवनला खुर्ची आवडू लागते. राघवन शपथेची आठवण करून देतो, तेव्हा महादेवन जमावालाच त्याच्यावर उलटवतो. खरं बोलणारा मारला जातो आणि सोंगाडा राज्य करत राहतो. विनोदी म्हणून गाजलेल्या नाटकाचा हा शेवट आहे.

सत्तेवरच्या लोकांना हे रुचणार नव्हतं आणि रुचलंही नाही. चित्रपटाच्या आरंभी अल्लाहच्या स्तुतीचं गाणं आहे. ते संगीतकार एम. एस. विश्वनाथन यांनी स्वतः गायलं. नाटकाचं नाव इतकं लोकांच्या तोंडी बसलं होतं, की चो यांनी जानेवारी 1970 मध्ये राजकीय नियतकालिक काढलं, तेव्हा त्यालाही 'तुघलक' हेच नाव दिलं. आणीबाणीत सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून त्याचं मुखपृष्ठ काळं छापलं गेलं.

योगायोग असा, की चो यांच्या आधी चार वर्षं, 1964 मध्ये गिरीश कर्नाड यांनी कन्नडमध्ये 'तुघलक' लिहिलं होतं. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात त्याचा प्रयोग उभा केला. कर्नाडांचा सुलतान शोकांतिकेचा नायक आहे, त्यात नेहरूंच्या काळाच्या अपेक्षाभंगाची छाया लोकांनी पाहिली. दोन्ही नाटकांत मला एक साम्य दिसतं. कर्नाडांकडे अझीझ नावाचा धोबी आहे, तो आधी ब्राह्मण बनतो, मग खलिफाच्या घराण्यातला पाहुणा बनतो, आणि शेवटी बक्षीस घेऊन जातो. चो यांच्याकडे तर खुद्द सुलतानच तोतया आहे. दोघांनाही तुघलकाच्या काळात तोतयाच सापडावा, हे सूचक आहे. राजा वेडा होता हे त्यांचं मुख्य म्हणणं नाहीच. वेश पाहून मान झुकवणाऱ्या समाजाबद्दल ते बोलत आहेत.

मग खरा तुघलक कुठे राहिला? त्याने 1325 ते 1351 राज्य केलं. फारसी-अरबीचा जाणकार, तत्त्वज्ञानाची आवड असलेला, जैन आचार्य जिनप्रभसूरींचा आदर करणारा, तितकाच कठोर शिक्षा करणारा हा माणूस होता. 1327 मध्ये त्याने देवगिरीला दौलताबाद करून दुसरी राजधानी वसवली. नंतर तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवायचा प्रयोग केला. नकली नाण्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा खजिन्यातून चांदी देऊन ती परत घेतली. दख्खनच्या कारभारासाठी मध्यवर्ती ठाणं हवं हा विचार वेडा नव्हता, त्यासाठी माणसं ज्या सक्तीने हलवली ती सक्ती क्रूर होती. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांतला इसामी बहमनी दरबारी बसून लिहीत होता आणि त्याचे वृद्ध आजोबा याच स्थलांतरात वाटेत वारले होते. त्याचा राग समजू शकतो, पण तो राग आहे हे लक्षात ठेवायला हवं.

तमिळ मुलखाचा आणि या सुलतानाचा संबंधही नाटकातल्यासारखा काल्पनिक नाही. 1330 च्या दशकात मदुराईचा सुभेदार जलालुद्दीन अहसन याने बंड करून स्वतंत्र सल्तनत स्थापली. त्याचीच मुलगी इब्न बतूताची बायको होती. ते बंड मोडायला सुलतान निघाला, पण वारंगळला साथीने फौज गारद झाली आणि तो मागे फिरला. या परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा दात पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून त्यावर घुमट बांधला, असं फरिश्ता सांगतो. चो यांना ही गोष्ट सापडली असती, तर आणखी एक प्रवेश सहज वाढला असता.

आपल्यासाठी या स्थलांतराचा अर्थ दाताच्या घुमटाहून मोठा आहे. दिल्लीहून आलेल्यांत बुरहानुद्दीन गरीब होते, अमीर हसन सिज्जी होते. दोघेही खुलताबादला विसावले आहेत. त्या वस्तीतून दख्खनी बोली वाढली, 1347 मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्याची सुरुवात झाली. ज्या निर्णयाला आपण 'तुघलकी' म्हणून हसतो, त्या निर्णयाच्या खुणा मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांच्या बोलीत आणि दर्ग्यांत आहेत.

आता आरशाची दुसरी बाजू. चो यांचं नाटक आलं त्याच 1968 साली मुंबईत 'पडोसन' लागला. त्यात मेहमूद यांनी शेंडी आणि लुंगीतला मद्रासी संगीतशिक्षक केला. मेहमूद मुंबईचे मुसलमान, अफाट ताकदीचे नट. पण तिथे हसू येतं ते त्या माणसाच्या उच्चाराला, पेहरावाला, त्याच्या मद्रासीपणाला. झग्याआड दुसरं कोणी नाही, झगाच चेष्टेचा विषय आहे. गंमत म्हणजे त्याच मेहमूद यांनी 1971 मध्ये नागेश यांच्या दोन भूमिका हिंदीत केल्या. 'सर्व्हर सुंदरम'वरून 'मैं सुंदर हूं' आणि 'एदिर नीच्चल'वरून 'लाखों में एक'. तिथे ते वेटर आणि अनाथ पोरगा म्हणून उभे राहिले आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी रडलेही. मद्रासी माणसाची नक्कल करून जे साधलं नाही, ते मद्रासच्या नाटकातल्या माणसाला आपलंसं करून साधलं.

विनोद आपल्यावर आहे की नाही, हे ठरवायला मला हीच कसोटी पुरेशी वाटते. हसू संपल्यावर कोण लहान झालेलं दिसतं? चो यांच्या नाटकानंतर मंत्री लहान दिसतात, फुटीर खासदार लहान दिसतात, टाळ्या वाजवणारा जमाव लहान दिसतो. सुलतानाच्या धर्माला धक्का लागत नाही. चो यांची पुढची राजकीय वाट आपल्यातल्या अनेकांना पटणारी नाही. 1999 मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात ते राज्यसभेवर नियुक्त झाले, भाजपशी त्यांची जवळीक जगजाहीर होती. तरी माणसाचं राजकारण पटत नाही म्हणून त्याचं नाटक आपल्याविरुद्ध होतं असं म्हणणं हा अन्याय ठरेल. उलट, नुसत्या नावाला भडकून उठलो असतो, तर ज्यांच्यावर खरा वार होता त्या सत्ताधाऱ्यांचीच ढाल झालो असतो.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तो 'तुघलकी' या आळशी शब्दावर घ्यावा. चो यांनी तुघलकाचं नाव घेऊन आपल्या काळातल्या सत्ताधाऱ्यांना तोंडावर सुनावलं. आज तोच शब्द वापरणारा बहुतेक वेळा निर्णय घेणाऱ्याचं नाव टाळतो आणि सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर बिल फाडतो. पालिकेने रस्ता खोदला असेल, तर ज्याने आदेशावर सही केली त्याचं नाव लिहावं. मुहम्मद बिन तुघलकाकडे त्याच्या स्वतःच्या चुका पुरेशा आहेत.