पाठ फिरविणारे घड्याळ आणि तोंड देणारे घड्याळ

मनगटावरचे घड्याळ हे लेणे की अवजार? वेळ पाहण्यासाठी आता घड्याळच हवे असे नाही. तेव्हा कोणीही त्याला लेणेच म्हणेल. पण ज्या ‘खेळाच्या’ घड्याळांसाठी आज हौशी श्रीमंत लाखो रुपये मोजतात, त्यांच्या दोन घराण्यांची कुळकथा चाळली, की ही लेणी मुळात मार खाणाऱ्या मनगटांसाठी घडली होती हे ध्यानात येते. त्यांतल्या एकाची नाळ तर आपल्याच देशात पुरलेली आहे.

पोलो मूळचा मणिपूरचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदारांनी तो उचलला आणि १८६२ साली कलकत्त्यात पोलो क्लब निघाला. भरधाव घोडा, हाती लांब काठी. एक तडाखा बसला की घड्याळाच्या काचेचा चुरा! १९३० च्या सुमारास सेझार द ट्रे हा घड्याळांचा व्यापारी हिंदुस्थानात आला असता अंमलदारांनी हे गाऱ्हाणे त्याच्या कानी घातले, अशी हकीगत सांगतात. त्यावर रेने-आल्फ्रेड शोव्हो या फ्रेंच कारागिराने तोडगा काढला आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. घड्याळाची चौकोनी डबी चौकटीतल्या चौकटीत सरकवून उलटी करावयाची. काच आत, धातूची पाठ बाहेर. हेच ‘रिव्हर्सो’.

दुसरे घराणे रोलेक्सच्या ‘ऑयस्टर’चे. ऑयस्टर म्हणजे कालव. १९२६ साली निघालेल्या या घड्याळाची पाठ, काचेभोवतीची कड आणि चावी, सारे आटे पाडून घट्ट पिळलेले. पाणी शिरणार कोठून? मर्सिडीज ग्लाइट्झ या तरुणीने ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली. लोकांनी शंका घेतली, म्हणून त्याच महिन्याच्या २१ तारखेला ती पुन्हा पाण्यात उतरली, आणि या वेळी गळ्यात ऑयस्टर होते. थंडीने तिला दहा तासांनंतर बाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र चालूच होते. पुढल्याच महिन्यात लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर घड्याळाची भली थोरली जाहिरात झळकली. बाई हरली, घड्याळ जिंकले!

आता पाहा, संकट एकच, पण दोघांचे स्वभाव किती निराळे! रिव्हर्सो संकट येताच पाठ फिरविते. तेवढ्या वेळात किती वाजले ते कळत नाही. ऑयस्टर तोंड उघडे ठेवूनच धक्का सोसते. पण त्या लपणाऱ्याचेही एक भाग्य आहे. त्याच्या कोऱ्या पाठीवर लोकांनी नावे, तारखा, कुलचिन्हे कोरून घेतली. मीनाकारीची चित्रेही काढविली. ढाल होती तिची पाटी झाली. ऑयस्टरचे वंशज मात्र कामकरीच राहिले. १९५३ सालचे ‘सबमरिनर’ पाणबुड्यांबरोबर शंभर मीटर खोल जाण्याच्या बेताने घडविले गेले.

पुढे १९६९ च्या डिसेंबरात जपानने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. हळूहळू अचूकपणा स्वस्त झाला आणि जुनी अवजारे दागिन्यांच्या पेटीत जाऊन बसली.

आमच्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडावर माघी पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड भाविक येतात. कित्येक जण दरेकशाला आगगाडीतून उतरतात आणि खडकाला हात घालीत गुहेपर्यंत चढतात. परतीची गाडी गाठावयाची तर घड्याळ दिसलेच पाहिजे. येथे पाठ फिरवून भागत नाही. म्हणून त्या मनगटाला मी ऑयस्टरचीच रीत देईन. आणि गंमत अशी, की ती रीत आता काही शे रुपयांच्या रबरी पट्ट्याच्या घड्याळातही येते. श्रीमंत पैसे मोजतो ते त्या सोसण्याच्या इतिहासाचे. खरे सोसणे अजून साध्या मनगटावरच चालले आहे.

मात्र लेकाच्या हाती काही ठेवून जावयाचे झाले, तर मला ती कोरी पाठ आवडेल. वेळ कोणाचीच नसते. नाव मात्र आपले असते.