खडकीचें पदक व वाकडची एक वंशावळ

वाकड येथील एका घराण्याच्या वंशावळींत पूर्वजाच्या नांवापुढें ‘खडकीच्या लढाईंत कंपनीच्या पलटणींत शिपाई’ असा शेरा आहे. घरांत पदक नाहीं, म्हणून हा शेरा खोडावा काय, असें वंशजांनीं आम्हांस विचारिलें. आमच्या मतें खोडूं नये.

ही लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली. तिच्याबद्दलचें ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मात्र १८५१ सालीं मंजूर झालें, व तें त्या वेळीं हयात असलेल्यांसच होतें. मधल्या चौतीस वर्षांत जे वारले त्यांना तें मिळणें शक्यच नव्हतें. असती तर दिसलीच असती, अशाच वस्तूच्या न दिसण्यानें तिचा अभाव सिद्ध होतो. शास्त्रकार हिला योग्यानुपलब्धि म्हणतात. येथें ती योग्यताच नाहीं.

उलट, बाजारांतून आणिलेलें पदक शेऱ्यास जोडणें हाही दोषच होय. पदकाच्या कडेवर मूळ धारकाचें नांव असतें. तें आधीं वाचावें.

सारांश, पलटणीचा हजेरीपट व पूर्वजाच्या मृत्यूचें साल शोधावें. मृत्यु १८५१ पूर्वींचा ठरल्यास ‘पदक निघण्यापूर्वीं मृत’ एवढें शेऱ्यापुढें लिहावें. शिपायाचा हक्क तेवढ्यानें राखिला जातो, आणि कागदही खरा राहतो.