रोलर फिरण्याआधी

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे आणि त्यांवरून रोडरोलर फिरवायचा, हे दृश्य राज्यातल्या शहरांना आता नवं राहिलेलं नाही. बघणाऱ्यांना समाधान वाटतं, मलाही वाटतं. मध्यरात्री फटाके फोडत गेलेल्या बुलेटनं तान्हं मूल दचकून उठलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला ते वाटणारच. म्हणून गाड्यांचे शौकीन आणि वाहतूक पोलीस एकत्र बसून ‘कोणता बदल कायद्यात बसतो’ यावर बोलणार म्हटलं, की अनेकांच्या कपाळाला आठी पडते.

त्यांचे आक्षेप तीन. सर्वोच्च न्यायालयानं गाडीतला प्रत्येक बदल बेकायदा ठरवला आहे, तेव्हा चर्चेला विषयच उरत नाही. पोलिसांचं काम दंड करण्याचं, शिकवणी घेण्याचं नाही. आणि अशा बैठकीला सरळ माणसंच येतात, उपद्रवी फिरकत नाहीत.

पहिल्या आक्षेपाचा आधार म्हणजे केरळमधल्या प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी आलेला निकाल. निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि राज्याचे नियम मोटार वाहन कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, असं न्यायालयानं ठामपणे सांगितलं. निकाल योग्यच आहे. पण त्यातून ‘प्रत्येक बदल’ हा अर्थ निघत नाही. निकाल ज्या कलम 52 वर उभा आहे, त्याच्या स्पष्टीकरणातच ‘बदल’ या शब्दाची व्याख्या आहे: गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्यामुळे तिचं मूलभूत वैशिष्ट्य पालटतं. हेच कलम मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवू देतं. 2019 च्या दुरुस्तीनं दिव्यांगांच्या गरजेप्रमाणे गाडीत फेरफार करून नंतर आरटीओची मान्यता घेण्याची सोयही दिली. रंग आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून तो बदलताना मंजुरी आणि नोंद लागते. सीटचं कव्हर आरसीवर कुठेच नसतं. थोडक्यात, कायदा सरसकट मनाई करत नाही, तो वर्गवारी करतो. ही वर्गवारी लोकांपर्यंत पोहोचवायची, तर बसून बोलावंच लागतं.

शिवाय ही रेषा जागची हलतेही. काळ्या काचांचंच पाहा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा नियम जुना आहे. एप्रिल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचेवर कुठलीही फिल्म चिकटवायला मनाई केली. पुढे काचांच्या याच नियमात, म्हणजे नियम 100 मध्ये, दुरुस्ती झाली, आणि तिच्या आधारे 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं या मर्यादेतली फिल्म चालते असा निर्णय दिला. अशा स्थितीत चौकातला हवालदार आणि गाडीचा मालक, दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक असून भांडत राहतात. त्या भांडणाचा निकाल चौकात लागू शकत नाही.

दुसरा आक्षेप दंडाचा. कायद्यातली दंडाची मांडणी नीट वाचली, तर तो आक्षेपकांवरच उलटतो. कलम 182-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात गाडी बेकायदा बदलून देणाऱ्या विक्रेत्याला दर गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. आणि या कायद्याच्या व्याख्येत ‘विक्रेता’ या शब्दात गाड्यांची दुरुस्ती करणाराही येतो. म्हणजे कायद्यानं मोठा भार गॅरेजवर टाकला आहे. आपण मात्र बहुतेक वेळा चालवणाऱ्यालाच पकडतो. कोणता भाग कुठे बसवून मिळतो, हे शौकिनांइतकं कोणाला ठाऊक असतं? त्यांच्याशी बोलल्याशिवाय त्या दारापर्यंत कायदा पोहोचणार कसा?

आवाजाच्या मोजमापाचीही हीच कथा. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला 80 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती निर्मितीच्या वेळची. ती तपासताना गाडी ठराविक पद्धतीनं वेग वाढवत मायक्रोफोनसमोरून न्यावी लागते. चौकात ते शक्य नाही. उभ्या गाडीचा आवाज सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजण्याची वेगळी पद्धत आहे. ती सर्वांसमोर ठरली आणि वापरली गेली, तर कानाच्या अंदाजावर होणारे वाद संपतील.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि अर्धा खराही. रात्री शर्यती लावणारा पोरगा बैठकीला येणार नाही. पण तो जिथून सायलेन्सर घेतो, तिथेच इतर शौकीनही जातात. नियम जाणणारं गिऱ्हाईक वाढलं, की मेकॅनिकलाही ‘हे पासिंगला चालणार नाही’ असं म्हणण्याचं बळ येतं. जर्मनीत अनेक सुट्या भागांसोबत मान्यतेचा कागदच मिळतो. ज्या भागाला तो नसतो, त्याची गाडीवर बसवल्यानंतर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. पोलीस कागद पाहतो आणि प्रश्न मिटतो. आपल्याकडे वाहनं आणि त्यांचे भाग तपासणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यातच आहे. ज्ञान इथेच असताना ते गॅरेजच्या भिंतीपर्यंत पोहोचू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शौकिनांनाही एक सांगायला हवं. ‘गाडी माझी, पैसा माझा’ हा युक्तिवाद बैठकीच्या बाहेर ठेवूनच आत यावं. 60/55 वॅटच्या हेडलाइटमध्ये 100/90 चा बल्ब बसवला, तर त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तो डोळा तुमच्या मालकीचा नाही. ही बैठक सवलत मागण्याची जागाही नव्हे. बदलाला मंजुरी देण्याचा अधिकार नोंदणी प्राधिकरणाचा आहे, पोलिसांचा नाही. म्हणून आरटीओचा निरीक्षक तिथे हजर हवाच, आणि उठताना हातात सोप्या मराठीतलं एक पान हवं: काय मुक्त, कशाला मंजुरी, काय निषिद्ध. तेच पान चौकीत लागावं आणि गॅरेजमध्येही.

त्यानंतरही जो फटाके फोडत फिरेल, त्याच्या सायलेन्सरवर रोलर जरूर फिरवा. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला तेव्हा त्याला तोंड उरणार नाही.